परळला उतरा, हात धुऊन घ्या

ट्राम पूर्ण थांबायची वाट बघू नका. परळ टी. टी. जवळ आलं की ती मंदावते. तेवढ्यात दांडा सोडा, ट्राम ज्या दिशेला चालली आहे त्याच दिशेला दोन पावलं पळा आणि मग थांबा. उलट उतराल तर तोंडावर आपटाल. १९६०च्या आगेमागच्या मुंबईत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

उतरलात? आता नाक उघडं ठेवा. ऑक्टोबरचा उकाडा आहे, वारा पडलेला आहे. गिरण्यांच्या धुराड्यांतला कोळशाचा धूर वर जायचं सोडून खाली उतरतो आणि मानेवरच्या घामात काळा होऊन बसतो. त्या धुरात कढईतल्या भज्यांचं तेल आहे, टोपलीतले सुके बोंबील आहेत, तंबाखू आहे, तुंबलेलं गटार आहे. पहिली पाळी नुकती सुटली आहे. शेकडो माणसं एकदम रस्त्यावर आली आहेत, केसांत, भुवयांत, मिशांत कापसाचे तंतू अडकलेले. कुणी खांद्याला घासून जाईल, कुणी ‘ओ मास्तर, बाजूला व्हा की’ म्हणेल. व्हा बाजूला. यांतल्याच एकाच्या मागोमाग तुम्हाला जायचं आहे. त्याच्या हातात पितळी डबा आहे. घरी जायच्या ऐवजी तो केईएम रुग्णालयाच्या फाटकात वळला आहे.

तुमचं आजचं सोंग ठरलेलं आहे. तुम्ही इथले हाउसमन. अंगात पांढरा कोट, खिशात स्टेथोस्कोप, डोळ्यांत झोप. मोबाइल तुमच्या काळातच राहिला, बरं झालं. इथे माहिती हवी असेल तर रोग्याला विचारावं लागतं, त्याच्या छातीवर हात ठेवावा लागतो.

लांबच लांब व्हरांडा. फिनाइलचा वास इतका उग्र की आधी घसा खवखवतो. भिंतीच्या कडेने माणसंच माणसं बसलेली. कोकणातून बोटीने आलेली, घाटावरून एसटीने आलेली. गाठोडी, कंदील, पाण्याचे तांबे, कडेवरची पोरं. केसपेपर हातात धरून कुणीतरी सारखं विचारतं, ‘हार्टाचा वॉर्ड कुठं आला?’ पायांकडे बघत चाला, नाहीतर कुणाच्या तरी भाकरीवर पाय पडेल.

डबा घेऊन आलेला माणूस एका खाटेशी थांबला. खाटेवर त्याची मुलगी आहे, १४ वर्षांची. दिसायला दहाची. दंडाची हाडं दिसतात, पण गळ्याजवळच्या शिरा टरारून फुगलेल्या. गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून बसली आहे. अख्ख्या वॉर्डावर नजर टाका, म्हणजे आणखी पाचसात जण असेच बसलेले दिसतील. ही माणसं आडवी होत नाहीत, कारण आडवं झालं की छातीत पाणी भरल्यासारखं गुदमरतं.

तुम्ही पुस्तकात वाचलेला प्रश्न विचारता, ‘रात्री किती उशा घेऊन झोपतेस?’

मुलगी आईकडे बघते. आई तुमच्याकडे बघते. ‘उशी कुठली डॉक्टर,’ ती म्हणते. ‘खोलीत आम्ही नऊ माणसं. ही ट्रंकेला टेकून बसते. डोळा लागला तर लागला.’

नऊ माणसं, आणि दहा बाय बाराची खोली. या आजाराचं मूळ तिथे आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्या खोलीत कुणाचा तरी घसा धरला. एकाचा खोकला दुसऱ्याच्या तोंडावर, ओल आलेल्या भिंती, वाळत घातलेले आणि कधीच न वाळणारे कपडे. हिचाही घसा दुखला. आईने हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या, चार दिवसांत घसा बरा झाला. दोनतीन आठवड्यांनी गुडघा सुजला, मग घोटा, मग कोपर. ताप आला, उतरला. सूजही उतरली. सगळे म्हणाले, वाढीच्या वयातलं दुखणं. घशातल्या त्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढायला शरीराने जी हत्यारं काढली होती ती आता हृदयाच्या झडपेवर चालू लागली होती, हे त्या खोलीत कुणाला कसं कळणार? घसा धरला त्याच वेळी पेनिसिलिन पोटात किंवा सुईने अंगात गेलं असतं तर ही पोर आज शाळेत असती. मला या आजाराचा सगळ्यात जास्त संताप येतो तो इथे. इतकं स्वस्त औषध आणि इतकं महाग न मिळणं.

आता तिला डाव्या कुशीवर वळायला सांगा. फार वेळ नाही, तिला सोसणार नाही. डाव्या स्तनाच्या खाली, हृदयाचं टोक जिथे आपटतं, तिथे तळहात ठेवा. हाताखाली काहीतरी थरथरतंय. प्रत्येक ठोक्यानंतर एक बारीक, खरखरीत कंप येतो आणि विरतो. स्टेथोस्कोप त्याच जागी हलकेच टेकवा. आधी एक ठसठशीत ठोका, मग पाठोपाठ एक टिचकी, आणि मग लांबून येणारी खालच्या सुरातली गडगड. वॉर्डात कुणाची थाळी पडली, कुणी ओकतंय, खिडकीबाहेर गाडीचा भोंगा वाजतोय, पण ही गडगड एकदा कानाला सापडली की सुटत नाही. अरुंद फटीतून जबरदस्तीने ढकललं जाणारं रक्त आहे ते.

फुप्फुसांतून ताजं होऊन आलेलं रक्त हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येतं आणि मायट्रल झडपेतून खालच्या कप्प्यात उतरतं. धडधाकट मोठ्या माणसात या झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, दोन बोटं सहज जावीत एवढं. हिच्या झडपेच्या दोन पाळ्या कडांना एकमेकींत जुळून गेल्या आहेत. मध्ये उरलंय ते बटणाचं काजं. रक्त मागे तुंबतं, फुप्फुसं जड होतात, खोकल्यातून तांबूस थुंकी पडते. युरोप-अमेरिकेत लहानपणच्या तापानंतर झडप इतकी आवळायला बहुधा दोनतीन दशकं लागतात. इथे विशीच्या आतली पोरंच या दशेला पोचलेली दिसतात. लवकरच, १९६३मध्ये, दिल्लीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूटमधले एस. बी. रॉय आणि त्यांचे सहकारी लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये नेमकं हेच लिहिणार आहेत. तुम्ही मात्र ते आजच, या खाटेपाशी बघताय.

उद्या मुलीचं ऑपरेशन आहे. आई तुम्हाला व्हरांड्यात गाठते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारते, ‘छातीवर कापलेलं दिसंल का हो? पुढं लग्नाचं कसं?’

हसू नका, रागावूही नका. तिचं बरोबर आहे. पलीकडच्या खाटेवर बघा, सहा महिन्यांची गरोदर बाई तशीच पुढे वाकून बसली आहे. तिची झडप कुणाला ठाऊकच नव्हती. पोटात बाळ वाढायला लागलं, रक्त वाढलं आणि धाप लागली तेव्हा कळलं. तिचंही ऑपरेशन याच आठवड्यात आहे. तेव्हा आईला सांगा, ‘व्रण छातीखालून बगलेकडे जातो मावशी, पोलक्यात झाकतो. आणि झडप उघडली तर पोर जिना चढेल.’ उघडली तर. ते ‘तर’ गिळू नका.

रात्रीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण झोपायला मिळणारच नाही. रक्त हवं. रक्तपेढी म्हणते, नातेवाइकांनी आणा. रक्त दिलं की माणूस कायमचा खचतो असं चाळीत पक्कं समजतात. तरी मुलीच्या बापाच्या खात्यातले चौघे जण अंगावरचे तंतू झटकत आले आहेत. एकाने सुई बघून डोळे घट्ट मिटले आणि तोंडाने अखंड देवाचं नाव घेत पडून राहिला. काचेच्या बाटलीत रक्त जमत जातं. उरलेले तिघे त्या बाटलीकडे बघतात, पण एकही पाठ फिरवत नाही.

सकाळी सातचा भोंगा. उठा. हात धुवा. कोपरापर्यंत, ब्रशने, नखांच्या कडा सोलवटेपर्यंत. रबरी हातमोजे धुऊन, पावडर लावून, भोकांवर ठिगळं लावून पुन्हा उकळलेले आहेत, ते घाला. थिएटरमध्ये पाऊल टाकलं की ईथरचा गोडसर, डोक्यात चढणारा वास येईल. ईथर पेट घेतं. म्हणून इथे ठिणगी उडेल असं काहीही चालवत नाहीत, रक्ताचा प्रत्येक थेंब चिमट्यात धरून दोऱ्याने बांधायचा. मास्कच्या आत तुमचाच श्वास गरम होऊन परत येतो. वर दिव्याची आग, अंगात जाड कापडाचा गाऊन. घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो आणि तो पुसायला तुम्हाला हात नाहीत.

हा डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा विभाग. याच आवारात फेब्रुवारी १९६८मध्ये ते आणि त्यांचे सहकारी भारतातलं पहिलं हृदयारोपण करतील. रुग्ण काही तासच जगेल, पण जगभर नाव होईल. ते नाव योग्यच आहे. तरी मला विचाराल तर त्या एका दिवसापेक्षा हे रोजचं काम मोठं. त्याची ना बातमी होते, ना फोटो येतो. आज टेबलाशी उभे आहेत ते याच विभागातले एक सर. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक.

मुलगी उजव्या कुशीवर, डावी बाजू वर. भूल देणारे डॉक्टर तिच्या डोक्याशी बसून काळी रबरी पिशवी हाताने दाबताहेत. दाबली की छाती वर, सोडली की खाली. आता पुढचे दोन तास तिचा श्वास त्यांच्या मुठीत आहे. सर डाव्या छातीखालून बरगडीच्या वळणाने चीर घेतात. बरगड्यांच्या मध्ये फाकणी बसते, तिचा दांडा फिरतो, फट रुंदावते. तुमच्या हातात ओला टॉवेल आणि एक रुंद पळी येते. ‘फुप्फुस मागे धर. हलू नकोस.’ धरा. फुप्फुस जड लागेल. निरोगी फुप्फुस असं जड नसतं. त्याच्या गुलाबी पाठीवर मुंबईच्या धुराचे काळे ठिपके आहेत, १४ वर्षांच्या पोरीच्या.

हृदयावरचं आवरण उघडलं. त्यावरून उभी उतरणारी पांढरी नस सरांनी बाजूला राखली, श्वासाचा पडदा हलवणारी नस ती. आणि समोर हृदय. चित्रातलं नव्हे. ओलं, उसळणारं, एका ठिकाणी न ठरणारं. डाव्या वरच्या कप्प्याला एक लोंबती पाळ असते. त्या पाळीच्या बुडाशी चिमटा लागतो, भोवती गोल धावदोरा घातला जातो. टोक कापतात. आत कधीकधी जुनं गोठलेलं रक्त असतं. एखादी गुठळी सुटून मेंदूत गेली तर पोर वाचेल पण अर्धं अंग जाईल. म्हणून सर क्षणभर चिमटा सैल करून रक्ताची एक उसळी बाहेर सोडतात, गुठळी असेल तर निघून जाऊ दे. ते गरम रक्त तुमच्या मनगटावर येतं. डोक्याशी बसलेले डॉक्टर मानेतल्या दोन्ही धमन्या बोटांनी दाबतात. सर चिमटा उघडतात आणि त्याच दमात उजव्या हाताची तर्जनी आत घालतात. धावदोऱ्याची टोकं ओढली जातात, पाळ बोटाभोवती आवळते.

आता कुणीच काही बघू शकत नाही. सरही नाही. त्यांची नजर समोरच्या फरशीवर कुठेतरी लागली आहे. हृदय थांबवलेलं नाही, ते बोटाभोवती चालूच आहे. रक्त काढून यंत्रातून फिरवायचं तंत्र जगात आलं आहे, पण या ऑपरेशनला ते लागत नाही. इथे जे काय आहे ते बोटाच्या पेरात. ‘झडपेची पुढची पाळी मऊ आहे,’ सर म्हणतात, स्वतःशीच म्हटल्यासारखं. ‘चुना नाही. उलटी धार येत नाही.’ कोवळ्या वयाच्या झडपेचा एवढा एक फायदा असतो, ती दगड झालेली नसते.

हे धाडस कुठून आलं तेही इथेच ऐका, पळी धरून उभे आहातच. १९२३मध्ये बॉस्टनमध्ये इलियट कटलर यांनी १२ वर्षांच्या मुलीच्या याच झडपेत सुरी घातली होती. ती साडेचार वर्षं जगली. १९२५मध्ये लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी एका कोवळ्या मुलीच्या हृदयात असंच बोट घातलं. मुलगी बरी होऊन घरी गेली, आणि त्यानंतर एकाही डॉक्टरने सूटर यांच्याकडे दुसरा असा रोगी पाठवला नाही. हृदयाला हात लावायचा नसतो, असं ठरलेलं होतं. मधली वीसबावीस वर्षं अशा किती पोरी पुढे वाकून बसून गेल्या असतील! १९४८च्या जूनमध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांना यश आलं, काही दिवसांत बॉस्टनला ड्वाइट हार्कन यांना, सप्टेंबरात लंडनला रसेल ब्रॉक यांना. बेलींच्या हातचे आधीचे रोगी गेले होते. तरी ते पुन्हा उभे राहिले, म्हणून आज परळात हे बोट आत आहे.

बोट झडपेच्या तोंडाशी पोचलं की दार बंद होतं, कारण बोटच त्या फटीचं बूच होतं. रक्तदाब कोसळतो. ‘प्रेशर जातंय, सर.’ दोन ठोके. तीन ठोके. सर बोट मागे घेतात, हृदयाला दम खाऊ देतात. पुन्हा आत. यावेळी बाहेरच्या कोपऱ्याकडे दाब. तुमच्या पळीतूनसुद्धा जाणवेल असं काहीतरी निसटतं, फाटतं, मोकळं होतं. ‘गेलं,’ सर म्हणतात. मग आतला कोपरा. तो चिवट आहे. बाजूच्या ट्रॉलीवर टब्ज डायलेटर तयार ठेवला आहे. बोटाने जमलं नाही तर हृदयाच्या टोकातून तो वर घालायचा आणि बोटाच्या आधाराने झडपेत उघडायचा. सिस्टरचा हात त्यावर जातो. सर मान हलवतात, नको. आणखी एक दाब. दुसऱ्या कोपऱ्यानेही हार मानली.

‘ये,’ सर तुम्हाला म्हणतात. ‘इथे बोट ठेव. बाहेरून.’

वरच्या कप्प्याच्या भिंतीवर बोट ठेवा. तासाभरापूर्वी ती ताणून टणक झाली होती. आता हाताखाली मऊ पडली आहे, भरते, रिकामी होते, भरते. फुप्फुसांत वर्षानुवर्षं तुंबलेलं रक्त पुढे निघालं आहे. तुम्हाला ओरडावंसं वाटेल. ओरडू नका, पळी सुटेल.

मला ठाऊक आहे, तुमच्या जिभेवर पुढचं सगळं आहे. १९८०च्या दशकात जपानच्या इनोउए यांचा फुगा येईल, मांडीतल्या शिरेतून आत जाईल आणि छाती न उघडता हेच काम करील. पॅरिसचे कार्पेंतिए गळक्या झडपांना कडी बसवून त्या टिकवतील. सांगू नका. इथल्या कुणालाही थांबायला वेळ नाही.

त्या रात्री खाटेखालची बाटली तुमच्या हवाली. छातीतून निघालेली रबरी नळी जमिनीवरच्या काचेच्या बाटलीत, पाण्याखाली बुडलेली असते. मुलीने श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढतं, सोडला की उतरतं. खोकली की बुडबुडे येतात. बाटली कधीही उचलायची नाही, पाणी छातीत जाईल. आईला हे तीनदा सांगा, आयाला चारदा, झाडूवाल्याला पाचदा. दुखणं फार आहे. प्रत्येक खोकल्याला मुलगी विव्हळते आणि तरी तिला खोकायला लावायचं, पाठीला हात देऊन उठवायचं. ती तुम्हाला चक्क शिवी देईल. देऊ दे. काल तिच्यात शिवी देण्याइतका श्वास नव्हता.

सगळ्यांचं असं होत नाही. मागच्या पंधरवड्यात याच खाटेवरच्या पोराची झडप भलत्या जागी फाटली, रक्त उलटं फिरायला लागलं आणि तो गेला. त्याची आई अजून एकदा वॉर्डात येऊन सगळ्यांना भेटून गेली. ज्यांचं नीट होतं त्यांतल्याही काहींची झडप पुढे पुन्हा आवळते. उघडली ती झडप, आजार नव्हे.

म्हणून दिवाळीच्या आधी मुलीला घरी सोडताना कार्ड नीट भरा. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, कमरेवर. ते घट्ट, पांढरं औषध आत जाताना पाय लुळा पडेल असं दुखतं. ‘किती दिवस?’ ती विचारते. ‘दिवस नाही, वर्षं,’ असं सांगा, खोटं बोलू नका. एक जरी चुकलं आणि घसा पुन्हा धरला तर सगळं पहिल्यापासून. ती नाक मुरडते, मग बापाच्या हातातली पिशवी स्वतः उचलते आणि बापाच्या आधी जिन्याकडे निघते.

तिची चादर बदलून होते न होते तोच खाटेवर नवा पोरगा. ११ वर्षांचा, जळगावकडचा, ओठ निळसर. बरोबर फक्त बाप. मुंबईत ओळखीचं कुणी नाही, रक्ताचं कसं करायचं विचारतोय. जिन्यात पोचलेला मुलीचा बाप ते ऐकून परत फिरतो. ‘रातपाळी सुटली की दोघं पाठवतो,’ तो म्हणतो. ‘एक जरा भित्रा आहे, त्याला सुई दाखवू नका.’

केसपेपर घ्या. पोराचं नाव, गाव, वय लिहा. आणि त्याच्या बापाला रक्तपेढी कुठे आहे ते दाखवून या.